इंग्रजीतील सामासिक शब्द आणि त्यांचे लेखन

इंग्रजीतील सामासिक शब्द कसे लिहावेत, हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा मानून कोशकारांवर सोपविण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो प्रथम व्याकरणाचा प्रश्न होय. हे शब्द तीन प्रकारांनी लिहिले जातात. ‘पोस्ट ऑफिस’ची पदे सुटी, ‘मदर-इन-लॉ’ची संयोगचिन्हाने जोडलेली, तर ‘ब्लॅकबर्ड’ची सलग. तिन्ही समासच, अर्थात् लेखनावरून समासाची पारख होत नाही.

पदे आरंभी सुटी असतात, वापर रूढ होताच मध्ये चिन्ह येते व अखेरीस ती एकरूप होतात, असा एक विकासक्रम पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो. ‘टुडे’ व ‘टुमॉरो’ हे शब्द विसाव्या शतकाच्या आरंभीही चिन्हासह लिहिले जात. ‘ईमेल’मधील चिन्ह असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०११ साली वगळले. ही उदाहरणे त्या क्रमास अनुकूल आहेत. परंतु २००७ साली ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ कोशाच्या सहाव्या आवृत्तीतून सुमारे १६,००० संयोगचिन्हे काढली गेली, तेव्हा ‘बम्बलबी’ सलग झाला, ‘आइस क्रीम’ मात्र सुटा झाला. ‘हाय स्कूल’ इतका रूढ होऊनही सुटाच राहिला आहे. तेव्हा हा क्रम काही शब्दांचा इतिहास आहे. तो नियम नव्हे.

दुसरी कसोटी आघाताची. ‘ब्लॅकबर्ड’मध्ये पूर्वपदावर आघात असता विशिष्ट पक्ष्याचा बोध होतो, उत्तरपदावर तो आल्यास कोणताही काळा पक्षी अभिप्रेत असतो. ही कसोटी अधिक विश्वसनीय असली तरी निरपवाद नाही. ‘ॲपल केक’चा आघात सामान्यतः पूर्वपदावर, तर ‘ॲपल पाय’चा उत्तरपदावर पडतो.

म्हणून अखेर अर्थसंबंधाकडेच वळावे लागते. ‘स्टीमबोट’ वाफेने चालते, ‘हाउसबोट’ घराने चालत नाही. लेखन एकसारखे, विग्रह भिन्न. ‘रेडब्रेस्ट’ ही छाती नव्हे, तांबडी छाती असलेला पक्षी होय. अशा समासांसाठी पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी ‘बहुव्रीहि’ ही संस्कृत संज्ञाच स्वीकारली, ती याच कारणाने.

तथापि लेखनभेद सर्वस्वी निरर्थक आहे, असे म्हणता येणार नाही. ‘मॅन-ईटिंग टायगर’ म्हणजे नरभक्षक वाघ. चिन्ह गळताच माणूसच वाघ खात असल्याचा अर्थ संभवतो. ‘एव्हरी डे’ क्रियाविशेषण, तर ‘एव्हरीडे’ विशेषण. ‘सेट अप’ क्रियापद, तर ‘सेटअप’ नाम. येथे लेखन हे व्याकरणाचेच चिन्ह आहे.

फाउलरने १९२६ सालच्या आपल्या प्रयोगकोशात संयोगचिन्हाच्या वापरातील गोंधळावर कठोर टीका केली होती. तो गोंधळ अद्याप मिटलेला नाही. कारण त्यात दोन भिन्न गोष्टी एकत्र कालविल्या जातात. ‘आइस-क्रीम’ असे चिन्हासह लिहिणारा विद्यार्थी फार तर मुद्रणालयाचा संकेत मोडतो. लेखनात एकरूपता राखली की त्याचा दोष उरत नाही. ‘रोज’ या अर्थी ‘एव्हरीडे’ लिहिणारा मात्र पदाचा प्रकारच चुकतो. परीक्षकाने दोघांचे गुण सारखेच कापणे म्हणजे संकेत आणि नियम यांतील भेद स्वतःच विसरणे होय.