श्रोडर-डेव्हरिएंट : स्वर आणि शब्द यांच्या सीमेवर

गायिकेच्या योग्यतेचा निर्णय सामान्यतः तिच्या गाण्यावरून होतो. व्हिल्हेल्मीने श्रोडर-डेव्हरिएंट (१८०४-१८६०) या जर्मन गायिकेविषयीचा वाद मात्र तिने न गायिलेल्या एका शब्दाभोवती फिरत राहिला आहे. बीथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ या संगीतिकेत लिओनोरे पतीचा वध करू पाहणाऱ्या पिझारोवर पिस्तूल रोखून त्याला मृत्यूची धमकी देते. त्या वाक्यातील अखेरचा शब्द ही गायिका स्वर सोडून नुसता उच्चारीत असे.

तिची आई सोफी श्रोडर ही त्या काळातील थोर शोकांत अभिनेत्री होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. व्हिएन्ना येथे १८२१ मध्ये गायनरंगभूमीवर आलेल्या या मुलीने पुढच्याच वर्षी, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी, लिओनोरेची भूमिका केली. स्वतः बीथोव्हेन उपस्थित होता व संतुष्ट झाला, असे ती पुढे सांगत असे. हे खरे मानले तरी त्या सुमारास त्याची श्रवणशक्ती जवळजवळ नष्ट झाली होती. त्याने पसंत केली असेल ती मुद्रा आणि हालचाल, आवाज नव्हे. चरित्रकार हे सहसा विसरतात.

तिच्या कीर्तीचा मुख्य साक्षीदार रिचर्ड वाग्नर होय. परंतु हा साक्षीदार निःपक्षपाती नाही. ‘रिएन्झी’तील आद्रियानो (१८४२), ‘उडता डच’मधील झेंटा (१८४३) आणि ‘टानहॉयझर’मधील व्हीनस (१८४५) या त्याच्या भूमिका तिनेच प्रथम केल्या. तिचे १८२९ मधील लिओनोरेचे दर्शन आपल्या आयुष्याला वळण देणारे ठरले, असे तो आत्मचरित्रात सांगतो. त्या प्रयोगाचा पुरावा मात्र संशोधकांना सापडलेला नाही. १८३४ मध्ये लाइपझिग येथे त्याने पाहिलेला तिचा बेल्लिनीचा रोमिओ निश्चित आहे. तो उच्चारलेला शब्द वाग्नरला संगीताचे जग आणि नग्न वास्तव यांचा क्षणिक स्पर्श वाटला. १८४३ मध्ये तिला ऐकणाऱ्या बेर्लिओझला मात्र गाता गाता मध्येच बोलण्याची हीच सवय असह्य झाली.

दोघांचेही म्हणणे ग्राह्य मानता येईल. भोवतालचे सर्व काही गायिलेले असते म्हणूनच तो एक शब्द अंगावर येतो. तीच युक्ती भूमिकेमागून भूमिकेत आली की तिची लकब होते. शिवाय बेर्लिओझने ऐकला तो चाळिशीकडे झुकलेल्या गायिकेचा थकलेला आवाज.

तथापि आवाजाची उणीव तिने अभिनयाने झाकली, असा सरसकट निष्कर्ष टिकत नाही. शूबर्टचे ‘एर्लक्योनिग’ हे गीत तिने १८३० मध्ये वायमार येथे वृद्ध गटेपुढे गायिले. आपल्या कवितेच्या या स्वररचनेविषयी तोवर उदासीन असलेला कवी त्या गायनाने हेलावला. तेथे पिस्तूल नव्हते, नेपथ्य नव्हते. निवेदक, पिता, पुत्र आणि पिशाच्चराज हे चौघेही एकाच कंठातून उभे करावयाचे होते. शूमाननेही आपली ‘डिश्टरलीबे’ ही गीतमाला १८४४ मध्ये अर्पण केली ती याच गायिकेला.