‘ला वोस दे ला मोंतान्या’ : भाषा श्रोत्यांची, सत्ता शासनाची

मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातील डोंगराळ प्रदेशात, त्लापा येथे, शासनाच्या राष्ट्रीय आदिवासी संस्थेने १९७९ मध्ये ‘ला वोस दे ला मोंतान्या’ म्हणजेच ‘डोंगराचा आवाज’ हे नभोवाणी केंद्र सुरू केले. स्पॅनिशबरोबर नाहुआत्ल, मिश्तेक व त्लापानेक या भाषांना प्रसारणात स्थान मिळाले, ही घटना निःसंशय महत्त्वाची होय. तथापि, केंद्राचे मूल्यमापन केवळ भाषांच्या संख्येवरून करणे अपुरे ठरते. २००३ व २०१८ मध्ये नियंत्रक संस्था बदलली. मालकी मात्र शासनाचीच राहिली. असे असूनही, गावोगावचे निरोप प्रसारित करणाऱ्या सेवेतून श्रोत्यांनी हे माध्यम आपलेसे केले. म्हणूनच स्वभाषेत बोलण्याची संधी आणि काय बोलावे हे ठरविण्याचा अधिकार, यांतील भेद अभ्यासकांनी दृष्टिआड करू नये.