शंभर नंबरी

आपल्याकडे सोने शंभर नंबरी असावे लागते आणि मुलाचा नंबर पहिला यावा लागतो. जपानच्या ‘सासुके’ स्पर्धेत मात्र माणूसच शंभर नंबरी असतो. ज्याच्या छातीवर १०० हा आकडा, तो त्या दिवसाचा मानकरी, आणि तो साधारणपणे सगळ्यांच्या शेवटी धावतो. अडथळ्यांच्या शर्यतीत लोक उड्या बघतात, पडणे बघतात. मी बरीच वर्षे ही स्पर्धा बघतो आहे ती या आकड्यांसाठी. शाळेच्या क्रीडादिनापासून पोलीस भरतीच्या मैदानापर्यंत आपण ज्याला चेस्ट नंबर म्हणतो आणि जपानी लोक ज्याला ‘झेक्केन’ म्हणतात, त्या कापडाच्या तुकड्यात या खेळाचा निम्मा रस आहे.

जावेद जाफरीच्या हिंदी समालोचनामुळे आपल्या घराघरांत पोचलेला ‘ताकेशीज कॅसल’ ज्या टीबीएस वाहिनीचा, तिचीच ही स्पर्धा. १९९७ साली सुरू झाली आणि लवकरच योकोहामाच्या मिदोरियामा इथल्या उघड्या मैदानावर स्थिरावली. शंभर स्पर्धक, चार टप्पे. पाय घसरला, हात सुटला की माणूस खाली. पुन्हा संधी नाही, थेट पुढच्या स्पर्धेची वाट पाहायची. ताकेशीच्या किल्ल्यात पडणाऱ्याला बघून हसू येत असे. इथे पडणाऱ्याचे नाव, गाव, व्यवसाय आपल्याला ठाऊक झालेला असतो, म्हणून हसू येत नाही.

एक नंबरवाला सुरुवात करतो तेव्हा ऊन असते. तो बहुधा लवकर पडतो. पण त्याच्या पडण्यानेच आपल्याला कळते की यंदा तिसरा अडथळा कठीण आहे. दहावा येतो, विसावा येतो, आणि आपण नकळत शिकत जातो: इथे उडी आखूड पडते, तिथे दोर उशिरा सुटतो. उभी होत जाऊन वर वाकलेली ती प्रसिद्ध भिंत पन्नासाव्या माणसापर्यंत आपल्याही पोटऱ्यांत शिरलेली असते. मग सावल्या लांबतात, दिवे लागतात आणि नव्वदीचे आकडे सुरू होतात. समालोचकाचा आवाज बदलतो. धावण्याआधी त्या माणसाच्या घरची छोटी चित्रफीत दाखवतात: पेट्रोल पंपावरचा कामगार, मासेमारीच्या बोटीवरचा नाखवा, अंगणात लाकूड ठोकून अडथळ्यांची नक्कल उभारून बसलेला बाप. आकडा वाढतो तशी माणसाची ओळख दाट होत जाते. आधी आलाप सावकाश भरावा आणि मग बंदिशीचे शब्द उमटावेत, तसा हा चढ आहे.

कुस्तीच्या मैदानात पहिल्या क्रमांकाची कुस्ती सर्वांत शेवटी लागते. सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशी शेवटी गात. त्यामुळे मानकऱ्याने शेवटी यावे ही रीत मराठी माणसाला सांगावी लागत नाही. पण सासुकेत एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळे सौंदर्य त्यात आहे. शंभर नंबरवाल्याला घड्याळात एका सेकंदाचीही सवलत नाही. एक नंबरवाल्याला जितका वेळ, तितकाच त्याला. भिंत तीच, दोर तोच. मानाच्या आकड्याने त्याला फक्त दोन गोष्टी मिळतात: नव्याण्णव जणांचे पडणे पाहण्याची संधी, आणि दिवसभर थांबण्याची शिक्षा. पहिलीने डोके शहाणे होते, दुसरीने स्नायू गार पडतात. मान आणि भार एकाच सुतात विणलेले.

याच्या शेजारी दुसऱ्या पद्धती ठेवून पाहाव्यात. ब्रिटनच्या ‘ग्लॅडिएटर्स’मध्ये शेवटच्या अडथळा-शर्यतीत आघाडीवरच्या स्पर्धकाला प्रत्येक गुणामागे अर्धा सेकंद आधी सोडतात. आधुनिक पेंटाथलॉनच्या शेवटच्या प्रकारातही गुणांच्या फरकाचे सेकंद होतात. याच पेंटाथलॉनमध्ये आता घोडेस्वारी जाऊन सासुकेच्या धर्तीचे अडथळे आले आहेत. गुणांचे सेकंद करण्याचा हा हिशेब चोख आहे आणि मला तो आवडतोही, कारण जो आधी पोचला तो जिंकला, हे शेंबड्या पोरालाही दिसते. पण तिथे मानांकन स्पर्धकाला पुढे ढकलते. सासुके त्याला मागे बसवून ठेवते. सासुकेच्याच अमेरिकी आवृत्तीत, ‘अमेरिकन निंजा वॉरियर’मध्ये, २०१५ साली शेवटच्या टप्प्यावर जेफ ब्रिटन आधी दोर चढला, ३० सेकंदांच्या मुदतीत २९.६५ सेकंदांत. चारही टप्पे पार करण्याचा, म्हणजे पूर्ण विजयाचा, अमेरिकेतला पहिला मान त्याचा. पाठोपाठ आयझॅक काल्डिएरो २६.१४ सेकंदांत वर पोचला आणि दहा लाख डॉलर घेऊन गेला. नंतर येण्याची किंमत इतक्या रोकड भाषेत क्वचितच कुणी मांडली असेल. मला मात्र त्या रात्री आधी चढलेला माणूसच आठवत राहतो.

आकड्याचा भार काय असतो हे पाहायचे तर सासुकेतल्या यामादा कात्सुमीकडे पाहावे. तिसऱ्या स्पर्धेत शेवटच्या मनोऱ्याचे टोक हातभरावर असताना त्याची वेळ संपली. त्यानंतर त्याने आयुष्यच या खेळाला वाहिले, आणि मोठ्या आकड्यांच्या मानकऱ्यांत त्याची जागा पक्की झाली. २००२ सालच्या दहाव्या स्पर्धेत दुसऱ्या टप्प्यावर साखळ्यांचा अडथळा त्याने हातमोजे घालून पार केला. पुढे दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये हातपाय रोवून सरकायचे होते, आणि तिथे मोजे काढणे सक्तीचे होते. तो विसरला. शेवटपर्यंत गेला, आणि मग त्याला बाद ठरवल्याचे कळले. शंभरातला एखादा नवखा असे विसरला असता तर ते विसरणे ठरले असते. वर्षानुवर्षे याच अडथळ्यांची नक्कल अंगणात बांधणारा माणूस विसरतो, तेव्हा तो किती ओझे घेऊन धावत होता ते दिसते.

त्याच दहाव्या स्पर्धेत आयोजकांनी एक फार सुंदर निर्णय घेतला. छातीवरचे आकडे १ ते १०० नव्हते, ९०१ ते १००० होते. विसाव्या स्पर्धेत १९०१ ते २०००, तिसाव्यात २९०१ ते ३०००, चाळिसाव्यात ३९०१ ते ४०००. म्हणजे दर दहाव्या खेपेला नवा स्पर्धक आपल्या पाठीमागची सगळी रांग छातीवर घेऊन उभा राहतो. पहिल्या स्पर्धेपासून चाळिसाव्यापर्यंत एकही न चुकवणारा यामामोतो शिंगो याच रांगेत आहे, आणि शाळकरी वयात पहिल्यांदा उतरून पुढे दोनदा पूर्ण विजय मिळवणारा, १०० हा आकडा ल्यालेला मोरिमोतो युसुकेही. या ४००० आकड्यांतून चारच माणसांनी मिळून सहा वेळा शेवटचे टोक गाठले: आकियामा एकदा, नागानो एकदा, उरुशिहारा आणि मोरिमोतो दोन-दोनदा.

एक गोष्ट मला खुपते. दूरचित्रवाणीवर लहान आकड्यांच्या कित्येक धावा चार-पाच सेकंदांत उरकतात, काही तर दाखवतही नाहीत. वेळेची अडचण मला समजते, तरी हे चूक आहे. सदतिसाव्या नंबरवाल्यानेही वर्षभर दोर ओढलेला असतो, आणि त्याच्या पडण्यावाचून शंभराव्याच्या चढण्याला वजन येत नाही.

म्हणून एक विनंती. कुणी तुम्हाला मोबाइलवर नागानोच्या किंवा मोरिमोतोच्या विजयाची तुटक चित्रफीत पाठवली, तर ती आधी उघडू नका. पूर्ण भाग मिळवा आणि एक नंबरपासून बघा.