लाल ग्रेव्हीची खातेवही

आम्हा श्रीरामपूरकरांना नावाचं फारसं कौतुक नाही. गाव श्रीरामपूर, पण रेल्वेनं स्टेशनाला नाव दिलं बेलापूर. आणि खरं बेलापूर तिथून थोडं लांब, प्रवरेकाठी स्वस्थ बसलेलं. तेव्हा इथल्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' मागवताना कुणी कोल्हापूरची चौकशी करीत नाही.

मी मात्र पडलो बी.कॉम. त्यातून बँकेतला. मेनूकार्ड हाती आलं की ते ताळेबंदासारखं वाचतो. परवा एका हॉटेलात (नाव सांगत नाही, तिथं पुन्हा जायचं आहे) भाज्यांची ११४ नावं मोजली. चाखल्यावर कळलं, मूळ भांडवल तीन पातेली. लाल, पिवळी आणि पांढरी ग्रेव्ही. लाल ग्रेव्हीत पनीर सोडलं की पनीर मसाला. ढोबळी मिरची टाकली की तीच कढाई. काजू पडले की शाही, आणि साठ रुपये जास्त. वर एक सुकी मिरची आडवी झोपवली की झालं कोल्हापुरी! एकच रक्कम चार खात्यांत दाखवली तर आमच्याकडे ऑडिटर घाम फोडतो. इथं बडीशेप देतात.

फिलिपाइन्समध्ये 'तुरो-तुरो' नावाच्या खानावळी असतात. तुरो म्हणजे बोट दाखवणं. शिजलेल्या पदार्थांची पातेली समोर मांडलेली. आपण बोट दाखवायचं, ते वाढणार. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटली. आपल्याकडे पातेली आत, आणि बिल आलं की बोटं आपल्याच कपाळाला!

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्या ११४ नावांत आमच्या नगर जिल्ह्याचं एकही नाही. मासवडी नाही, शेंगोळे नाहीत. शेंगोळे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची वाटून घट्ट मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करून त्यांची वेटोळी घालायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. भाजी तीच, आमटी तीच. थंडीत वरून कच्चं तेल घालून दोन वाट्या ओरपल्या की कान गरम होतात.

मग हा पदार्थ गेला कुठं? माझा हिशोब असा. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि जिथं पाणी पोचलं तिथं ऊस आला. हुलगा बिचारा कोरडवाहू. उसाच्या पंगतीत त्याला कोण बसवणार? त्यात घोड्याबैलांचा खुराक म्हणून आधीच बदनाम.

आईच्या वाढदिवसाला आम्ही सगळे हॉटेलात गेलो तेव्हा मी वेटरला मुद्दाम विचारलं, "शेंगोळे आहेत का?" तो आत जाऊन आला. "संपलेत साहेब. हक्का आणू?"

मी हट्टाला पेटलो. शेवटी हायवेवर 'गावरान थाळी' अशी पाटी लावलेलं एक हॉटेल सापडलं. बाजा, कंदील, भिंतीवर बैलगाडीचं चाक आणि शेंगोळ्यांच्या थाळीचा दर पनीरपेक्षा चढा. माझी छाती फुगली. दोन थाळ्या सांगणार, तोच आई म्हणाली, "मला पनीर सांग."

"अगं, शेंगोळे खायला आलोय ना?"

"तू खा. मी बहात्तरच्या दुष्काळात खाऊन बसलेय. घरात भाजी नाही, विहिरीला पाणी नाही. रेशनचा लाल मिलो नाहीतर हे. तेव्हाच ठरवलं होतं, चार पैसे आले की दुसरं खायचं."

माझं सगळं समीक्षण एका वाक्यात निकालात निघालं. हिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती मुकाट्यानं रोटी मोडत होती. थोड्या वेळानं मात्र आईचा हात माझ्या थाळीकडं आला. एक शेंगोळं उचललं, उजेडात फिरवलं, दातांत धरलं.

"वळलेलं नाही. सोऱ्यातून पाडलंय. लसूण कुठाय?"

दुसऱ्या दिवशी तिनंच हुलगे भाजून डबा माझ्या हाती दिला. गिरणीवाल्यानं झाकण उघडलं. "घोडा घेतला का साहेब?" म्हणाला, आणि माझा डबा रांगेत सगळ्यांच्या मागं ठेवला.

पीठ आईनं मळलं. वळायला मात्र मला बसवलं. तिची बोटं आता आखडतात. हे मला त्या दिवशी कळलं, इतकी वर्षं एका घरात राहून. तासाभरात मी ताटभर वेटोळी घातली. काही जिलबीसारखी, काही आमच्या मॅनेजरच्या सहीसारखी. आईनं ताट लांब धरून पाहिलं.

"सही जुळत नाही," ती म्हणाली, आणि आधणाखालचा गॅस मोठा केला.