नाडी लागूनही दडलेला आजार : ताकायासू रोगावरील भारतीय संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना :

वैद्यकीय संशोधनाची समीक्षा वैद्यकांनीच करावी, असा संकेत आपल्या विद्याक्षेत्रात रूढ आहे. औषधाची मात्रा किंवा शस्त्रक्रियेची पद्धत यांपुरता तो योग्यही आहे. परंतु संशोधनातील रुग्ण कोठून आले, कोण आले नाहीत आणि आलेल्यांवरून न आलेल्यांविषयी काय म्हणता येते, हे प्रश्न संख्याशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल व तर्कशास्त्र यांच्याही कक्षेत येतात. प्रस्तुत लेखात ताकायासू रोगावरील भारतीय संशोधनाचा, विशेषतः मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या कार्याचा, या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. हा विचार करताना कनेरगाव नाका हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. हिंगोली–वाशीम मार्गावरील, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरचे हे गाव मुंबईपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एवढ्या अंतरावरून हे संशोधन कसे दिसते, हा लेखाचा मूळ प्रश्न होय.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : मुंबईच्या संशोधकांनी परदेशातून आलेले नाव आणि लक्षण यांपेक्षा समोरच्या रुग्णाला प्रमाण मानले, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. मात्र समोरचा रुग्ण म्हणजे रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेला रुग्ण. ही मर्यादा त्यांच्या नंतरच्या संशोधनानेही ओलांडलेली नाही.

रोग आणि त्याचे नाव :

शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते, अशा ऑटोइम्यून विकारांत या रोगाची गणना होते. हृदयातून निघणारी महारोहिणी आणि तिच्या मोठ्या शाखा यांच्या भिंतींना दाह होतो. भिंती जाड होतात, मार्ग अरुंद होतो, कधी पूर्ण बंद होतो, तर कधी भिंत फुगते. रोग बहुधा तारुण्यात आणि अधिककरून स्त्रियांत आढळतो. आरंभी बारीक ताप, थकवा, वजन घटणे, सांधेदुखी अशी कोणत्याही आजारात शोभतील अशी लक्षणे असतात. त्यामुळे पहिली काही वर्षे निदानावाचून जाणे स्वाभाविक ठरते.

जपानमधील कानाझावा येथील नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका एकवीस वर्षांच्या तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांची विलक्षण गुंफण नोंदवली. अशाच अन्य रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही, हे त्याच सुमारास ओनिशी आणि कागोशिमा यांनी निदर्शनास आणले. १९५१ मध्ये शिमिझू आणि सानो यांनी या विकाराला 'नाडीविहीन रोग' असे नाव दिले. जपानी रुग्णांत महारोहिणीची कमान आणि हातांकडे व मेंदूकडे जाणाऱ्या शाखा प्रामुख्याने बाधित होत असल्याने हे नाव तेथे यथार्थ होते. परंतु नाव यथार्थ ठरले की ते शोधाची दिशाही ठरवते. 'नाडीविहीन' रोग शोधणारा वैद्य मनगट पाहतो आणि नाडी लागली तर निश्चिंत होतो.

मुंबईचे कार्य :

के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथे डॉ. पी. के. सेन, डॉ. जी. बी. परुळकर, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किनरे आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभापासून या विकाराचा अभ्यास केला. फेब्रुवारी १९६८ मधील हृदयारोपणामुळे डॉ. सेन यांचे नाव सर्वतोमुखी झाले. महारोहिणीवरील त्यांच्या गटाचे चिकाटीचे काम मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे ठाऊक नाही.

१९६२ मध्ये त्यांनी अज्ञात कारणाने महारोहिणी अरुंद करणाऱ्या दाहाविषयी लिहिले. १९६३ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये 'मिडल एऑर्टिक सिंड्रोम' हा निबंध प्रसिद्ध झाला. छातीच्या खालच्या भागातील आणि पोटातील महारोहिणी अरुंद झालेल्या रुग्णांचे ते वर्णन होते. अशा रुग्णाच्या मनगटाची नाडी उत्तम लागते. मांडीतील नाडी मात्र क्षीण असते. मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह घटल्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. म्हणजे 'नाडीविहीन' या नावाने शोधल्यास नेमका हाच रुग्ण हातचा सुटतो. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी या गटाने १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारित ग्रंथ सिद्ध केला. त्यात त्यांनी 'नॉन-स्पेसिफिक एऑर्टोआर्टेरायटिस' हे नाव स्वीकारले. कारण निश्चित सांगता येत नाही ही कबुली आणि रोग केवळ कमानीपुरता नाही ही जाणीव, या दोन्ही गोष्टी त्या अनाकर्षक नावात आहेत. आपल्याकडे परकीय संज्ञा जशाच्या तशा उचलण्याची सवय सर्वच विद्याशाखांना आहे. त्या पार्श्वभूमीवर शस्त्रक्रियेच्या मेजावर आणि शवविच्छेदनात जे दिसले त्यावरून संज्ञा दुरुस्त करण्याचे हे धैर्य अनुकरणीय आहे.

या दुरुस्तीचे मोल पुढील निकषांच्या इतिहासावरून कळते. १९८८ मध्ये इशिकावा यांनी मांडलेल्या निकषांत वय चाळीस किंवा त्याहून कमी असणे अनिवार्य होते आणि डाव्या व उजव्या बाजूंच्या हाताकडे जाणाऱ्या रोहिण्यांतील विकृतीला प्रमुख स्थान होते. १९९६ मध्ये चंडीगडचे डॉ. बी. के. शर्मा आणि सहकाऱ्यांनी त्यांत फेरफार करून वयाची अट काढली. दरम्यान १९९० मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने सहा निकष दिले. त्यांतील दंडाची क्षीण नाडी आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबातील फरक हे दोन हातांशीच निगडित होते. अमेरिकी व युरोपीय संस्थांच्या २०२२ मधील संयुक्त निकषांत मात्र पोटातील महारोहिणीबरोबर मूत्रपिंडाची किंवा आतड्यांची रोहिणी बाधित असल्यास तब्बल तीन गुण दिले आहेत. पाच गुणांवर वर्गीकरण पूर्ण होते. मुंबईने १९६३ मध्ये दाखवलेल्या स्थानाला जागतिक निकषात असे ठळक स्थान मिळण्यास सुमारे साठ वर्षे लागली.

क्षयरोगाचा युक्तिवाद :

या संशोधनाचा सर्वाधिक वादग्रस्त भाग म्हणजे क्षयरोगाशी जोडलेला संबंध. डॉ. किनरे यांनी १९७० मध्ये कोवळ्या वयातील महारोहिणीदाह आणि क्षयरोग यांच्या साहचर्यावर निबंध प्रसिद्ध केला. बाधित भिंतीत दिसणाऱ्या पेशींच्या गाठी क्षयाच्या गाठींची आठवण करून देतात, आणि अशा रुग्णांत क्षयाच्या खुणाही आढळतात. निरीक्षण प्रामाणिक होते. पण येथे तर्कशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. ज्या समाजात क्षयाचा संसर्ग सर्वदूर आहे, तेथे कोणत्याही रोगाचे शंभर रुग्ण घेतले तरी त्यांतील अनेकांत क्षयाच्या खुणा सापडणार. म्हणून हे प्रमाण त्याच वयाच्या, त्याच वस्तीतील, पण हा रोग नसलेल्या व्यक्तींतील प्रमाणाशी ताडून पाहिल्याखेरीज साहचर्याला कारणाचा दर्जा देता येत नाही. रुग्णालयातील शवविच्छेदनाच्या नोंदी अशी तुलना पुरवू शकत नाहीत, कारण तेथे येणारे इतर मृतदेहही रोग्यांचेच असतात.

क्षयविरोधी औषधांनी हा दाह आटोक्यात येतो, असेही सिद्ध झालेले नाही. जंतूची काही प्रथिने आणि मानवी प्रथिने यांच्यातील साम्यामुळे संरक्षक यंत्रणेची दिशाभूल होत असावी, हा पुढे मांडला गेलेला विचार अधिक सूक्ष्म आहे. तोही अद्याप अनुमानाच्या कोटीत आहे. तथापि क्षयाचा प्रश्न निरर्थक ठरत नाही. या रोगात स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी अन्य औषधे द्यावी लागतात. ती सुरू करण्यापूर्वी दडलेला क्षय तपासणे आपल्या भागात अत्यावश्यक आहे. कारणमीमांसेत डळमळीत ठरलेला युक्तिवाद उपचाराच्या दक्षतेत उपयोगी पडतो.

दारापलीकडचे रुग्ण :

आता मुख्य मर्यादेकडे वळू. भारतीय रुग्णांत पोटातील महारोहिणी अधिक बाधित असते आणि स्त्री-पुरुषांच्या प्रमाणातील तफावत जपानइतकी मोठी नाही, ही दोन विधाने आता पाठ्यपुस्तकी झाली आहेत. परंतु के. ई. एम. मधील अभ्यास शस्त्रक्रियेच्या विभागाशी निगडित होता. ज्याच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकेल, असा रुग्ण तेथे अधिक पाठवला जाणार. पोटातील विकृतीचे आधिक्य काही अंशी या निवडीचे फलित असू शकते, हा आक्षेप घ्यावाच लागतो. चंडीगड आणि अन्य भारतीय केंद्रांतही तसाच कल दिसल्याने हे विधान बऱ्याच अंशी टिकते, हेही मान्य केले पाहिजे.

स्त्री-पुरुष प्रमाणाविषयीचे विधान मात्र इतक्या सहज टिकत नाही, कारण ते सर्व केंद्रांत एकाच प्रकारे कलुषित होऊ शकते. घरातील कर्त्या पुरुषाला मोठ्या शहरात नेले जाते आणि थकल्याची तक्रार करणाऱ्या सुनेला टॉनिक आणून दिले जाते, हे वास्तव आपण सर्वच जाणतो. रुग्णालयातील स्त्रियांचे कमी प्रमाण रोगामुळे किती आणि समाजामुळे किती, हे रुग्णालयाच्याच नोंदींवरून वेगळे काढता येत नाही.

तिसरा मुद्दा आयुर्मानाचा. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील सुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ८८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्षणे सुरू झाल्यापासून पाच वर्षांनी सुमारे ९१ टक्के आणि दहा वर्षांनी सुमारे ८४ टक्के रुग्ण हयात असल्याचे त्यात दिसते. परंतु लक्षणांपासून काळ मोजायचा आणि रुग्ण मात्र संस्थेत आलेलेच घ्यायचे, यात एक गफलत दडलेली असते. संस्थेत पोहोचेपर्यंत जो जगला, त्याचीच गणना होते. पक्षाघाताने किंवा हृदय थकून वाटेतच ज्यांचा अंत झाला, त्यांची नोंद मृत्युदाखल्यावर वेगळ्याच कारणाखाली होते. म्हणून हे आकडे पोहोचलेल्यांचे आयुर्मान सांगतात. रोग जडलेल्या सर्वांचे नव्हे.

१९९० चे निकषही ६३ ताकायासू रुग्णांची तुलना अन्य रक्तवाहिनीदाहाच्या ७४४ रुग्णांशी करून ठरवले गेले. संशोधनासाठी रुग्ण निवडताना ते उपयुक्त आहेत. परंतु तालुक्याच्या दवाखान्यात 'हा कोणता रक्तवाहिनीदाह?' असा प्रश्न कधीच नसतो. 'या मुलीला काही गंभीर आहे का?' एवढाच असतो. त्याचे उत्तर देण्यासाठी ते निकष घडवलेलेच नाहीत. भारतीय संधिवाततज्ज्ञांनी विकसित करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली ४४ मुद्द्यांची 'आयटास २०१०' ही गुणांकन पद्धती प्रामुख्याने शारीरिक तपासणीवर भिस्त ठेवते. साधनांचा तुटवडा असलेल्या देशाला ती शोभणारी आहे. पण तीही निदान झालेल्या रुग्णाच्या दाहाची तीव्रता मोजते; निदानापूर्वीच्या वाटेवर तिचा प्रकाश पडत नाही.

कनेरगाव नाक्यावरून :

समजा, कनेरगाव नाक्याच्या परिसरातील वीस-बावीस वर्षांची एक विवाहिता आहे. तिचा रक्तदाब कोण आणि केव्हा मोजतो? असंसर्गजन्य रोगांसाठीची शासकीय तपासणी मोहीम तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. हा रोग बहुधा त्याआधीच सुरू होतो. तिच्या दंडाला पट्टा बांधला जातो तो गरोदरपणात, तोही एकाच हाताला. त्या हाताची रोहिणी अरुंद असेल, तर आकडा खोटा कमी येतो आणि प्रत्यक्षात वाढलेला रक्तदाब झाकला जातो. दोन्ही हात निरोगी असून पोटातील महारोहिणी अरुंद असेल, तर आकडा वाढलेला येतो. पण तो गरोदरपणाच्या खात्यावर टाकून बाळंतपणानंतर विसरला जाण्याची भीती असते. दोन्ही हातांचा रक्तदाब, मांडीतील नाडी आणि पोटावर स्टेथोस्कोप, एवढ्या तपासणीला पाच मिनिटे लागतात. मुंबईच्या संशोधनाचे सार गावपातळीवर आणायचे तर ते या पाच मिनिटांत मावते.

यासाठी गावोगाव सर्वेक्षण करावे, असे मात्र सुचवता येत नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांनी चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करून ग्रामीण संधिविकारांचे चित्र प्रथमच उभे केले. ते कार्य मोलाचे आहे; पण इतका दुर्मीळ रोग चार हजारांत सापडणे योगायोगाचेच ठरेल. जपानमध्ये दहा लाखांमागे सुमारे चाळीस रुग्ण मानले जातात. तेच माप २०११ च्या जनगणनेनुसार ११,७७,३४५ लोकसंख्येच्या हिंगोली जिल्ह्याला लावले, तर उत्तर सत्तेचाळीस येते. जपानचे माप येथे तंतोतंत लागू पडावे असा आग्रह नाही. परंतु उत्तर शून्य नाही, एवढे त्यावरून निश्चित समजावे.

संख्येचे हे महत्त्व उपचारांच्या संशोधनातही दिसते. टोसिलिझुमॅब या औषधाची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली जपानी चाचणी अवघ्या ३६ रुग्णांवर झाली. औषधाकडे झुकणारा कल दिसूनही मुख्य निष्कर्ष संख्याशास्त्रीय सीमारेषेच्या किंचित अलीकडे राहिला. वेळीच ओळखलेला प्रत्येक रुग्ण अशा ठिकाणी ज्ञानात भर घालू शकतो.

समारोप :

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा आरंभ झाला, त्यांत हिंगोली आणि वाशीम ही दोन्ही आहेत. कनेरगाव नाका आता दोन वैद्यकीय महाविद्यालयांच्या मध्ये आले आहे. चाळिशीच्या आतील प्रत्येक उच्च रक्तदाबाच्या रुग्णाची वरील पाच मिनिटांची तपासणी आणि संशयित रुग्णांची दोन्ही जिल्ह्यांची सामाईक नोंदवही, एवढे जरी या महाविद्यालयांनी केले, तरी अर्धशतकात न लिहिले गेलेले प्रकरण लिहिण्यास प्रारंभ होईल. त्या नोंदवहीत एक रकाना आवर्जून असावा : पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत किती महिने गेले आणि ते कोठे गेले. डॉ. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समोरच्या रुग्णाकडे पाहून रोगाचे नाव दुरुस्त केले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी आता समोर न आलेल्या रुग्णाचा शोध घेणे, हीच त्या कार्याची खरी समीक्षा ठरेल.