फॉर्स्टर यांच्या भारतातील मूक माणसे

ई. एम. फॉर्स्टर (१८७९-१९७०) या ब्रिटिश कादंबरीकारास भारताने घडविले, असे इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक सांगतात. ते खरेच आहे. मात्र कोणत्या भारताने, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही आणि आम्हांस तोच महत्त्वाचा वाटतो.

१९०६ साली सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद यांना लॅटिन शिकविण्याच्या निमित्ताने फॉर्स्टर यांचा भारताशी संबंध आला. १९१२-१३ मध्ये ते येथे प्रथम आले. १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून त्यांनी काही महिने काम केले. १९२४ मध्ये 'अ पॅसेज टू इंडिया' प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर हयातीत त्यांनी एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. एका उमराव मुस्लिम घराण्यातील मित्र आणि एका मराठा संस्थानिकाचा दरबार, अशा दोन दारांतून ते या देशात शिरले. दोन्ही दारे वाड्याची होती.

राज्यकर्त्या गोऱ्यांचा उद्दामपणा त्यांनी ज्या निर्भीडपणे उघडा पाडला, त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्याच कादंबरीतील पंखेवाला पाहावा. डॉ. अझीझ यांच्यावरील खटल्याच्या वेळी न्यायालयात पंख्याची दोरी ओढणारा हा हीन गणलेल्या जातीचा तरुण एखाद्या देवतेसारखा सुंदर आहे, असे लेखक सांगतात. समोर काय चालले आहे याची त्याला जाणीव नाही. न्यायालय रिकामे झाल्यावरही तो दोरी ओढतच राहतो. त्याला रूप आहे. नाव नाही, वाणी नाही. देवासच्या गोकुळाष्टमीवरून रंगविलेल्या अखेरच्या भागात भंगी समाजाचे वादकपथक चाळण्या वाजवीत येते. त्यांनी वाजविल्यावाचून देवाची मिरवणूक निघू शकत नाही. लेखकास या क्षणी भव्यता दिसते. क्षणभर मान देऊन उरलेले वर्षभर उकिरड्यावर ठेवणारी ही व्यवस्था आम्हांस भव्य वाटत नाही; आणि चाळणी वाजविणाऱ्याच्या मनात काय चालले होते, हे कादंबरी विचारीतच नाही.

कादंबरीतील मराबारच्या गुंफा गयेजवळील बराबर टेकड्यांवरून घेतलेल्या आहेत. भिंतींची ती आरशासारखी चकाकी कादंबरीत आहे, प्रतिध्वनीही आहे. शिलालेख मात्र नाही. वस्तुतः सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी तेथील गुंफा आजीवकांना दान दिल्या, हे तेथेच कोरलेले आहे. आजीवकांशी भगवान बुद्धांचे तीव्र मतभेद होते. तरीही बौद्ध उपासक असलेल्या राजाने त्यांना निवारा दिला. पुढे कोणीतरी काही लेखांतील 'आजीवक' हा शब्द छिन्नीने खरडून काढण्याचा प्रयत्न केला. फॉर्स्टर यांच्या हाती छिन्नी नव्हती, पण गुंफेला गूढ करण्यासाठी त्यांना तिचा इतिहास वगळावा लागला. ललित लेखकास तेवढी मोकळीक असते, हे आम्ही मान्य करतो. तथापि ज्यांचा इतिहास एवीतेवी खरडलाच गेला आहे, त्यांना ही मोकळीक महाग पडते.

१९३५ साली मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल' कादंबरीला त्यांनी प्रस्तावना लिहिली. अनेक प्रकाशकांनी नाकारलेले पुस्तक त्यामुळे छापले गेले, याबद्दल कृतज्ञताच हवी. अस्पृश्यांच्या उद्धारासाठी देव नको, वरच्यांचा त्याग नको, केवळ मैला वाहून नेणारी नळयोजना हवी, असे त्यांनी तेथे म्हटले. यातील परोपकाराचा तिटकारा आम्हांस पटतो. नळ मात्र आले, १९९३ आणि २०१३ चे कायदेही आले, तरी गटारात उतरणारी माणसे बहुतांशी त्याच जातींची राहिली. प्रश्न यंत्राचा नव्हता, जातीचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला येवल्यास, धर्मांतराची घोषणा केली ती हे ओळखूनच.

त्याच प्रस्तावनेत आणखी एक विधान आहे : हे पुस्तक अस्पृश्यास लिहिता आले नसते, कारण तो संतापात आणि आत्मकरुणेत गुंतून पडला असता. पंखेवाल्याला वाणी का नव्हती, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते. मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध 'ज्ञानोदया'त १८५५ सालीच छापून आला होता. त्यात संताप आहेच, आणि त्या संतापामुळेच तिचा युक्तिवाद धारदार झाला आहे.

हे फॉर्स्टर यांना कळणार तरी कसे, असे कोणी म्हणेल. पण 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तो त्यांच्या महाराजांच्याच मातृभाषेत. आणि त्या पत्राला अडीच हजार रुपयांचे साहाय्य देणारे राजर्षी शाहू छत्रपती हे या महाराजांचे सासरे होते. देवासच्या आठवणींचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ साली निघाले. त्यात कोल्हापूर येते ते मुख्यतः सासरा-जावयांच्या बेबनावापुरते.