पोच कुणाकडे राहते?



आजचा विषय दिसायला लहान आहे. संस्थेच्या वेबसाइटवर 'संपर्क' नावाचं एक पान असतं. काही ठिकाणी तिथे ईमेलचा पत्ता असतो. त्यावर बोट ठेवलं की कोरं पत्र उघडतं. काही ठिकाणी पत्ता नसतो, फॉर्म असतो. नाव, मोबाइल, विषय, संदेश आणि खाली 'पाठवा' असं बटण. तत्त्वज्ञानाच्या माणसानं यावर काय बोलायचं, असं कुणी म्हणेल. आम्हालाही तसंच वाटायचं.

मग आम्ही पेन्शनच्या थकबाकीसाठी एका कार्यालयाचा फॉर्म भरला. मराठीत लिहिलं तर चौकटीनं अक्षरंच नाकारली. इंग्रजीत लिहिलं. विषयांच्या यादीत आमचा विषय नव्हता, म्हणून 'इतर' निवडलं. बटण दाबलं, 'धन्यवाद, आपला संदेश मिळाला' अशी ओळ आली आणि लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. दोन महिन्यांनी फोन केला तर पलीकडून प्रश्न, "कधी लिहिलं होतं? काय लिहिलं होतं?" आमच्याजवळ सांगायला काहीच नव्हतं.

इथे आपल्याला एक जुनी सवय आठवते. वरोऱ्याच्या तहसीलमध्ये जाणारा शेतकरी, शाळा न शिकलेला असला तरी, अर्ज दोन प्रतींत नेतो. एक प्रत आवकला देतो आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून घेतो. त्याला म्हणतात पोच. ही पोच तो घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. कारण पुढे भांडण होणार ते त्या कागदावर, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे विषय जाणणारा आणि तो जसाच्या तसा सांगणारा असेल तेव्हा. 'संदेश मिळाला' हे वाक्य कोण बोलतंय? माणूस नाही, बटणाला जोडलेली ओळ आहे. कुणी काही वाचलं, याची तिला खबरच नसते. हे आप्तवचन कसं मानायचं?

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम १३ मध्ये, साधारणपणे, मजकूर आपल्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरला की तो पाठवला गेला, असं धरतात. मेल असो वा फॉर्म, नियम एकच. पुरावा मात्र सारखा राहत नाही. मेल आपल्या 'सेंट'मध्ये तारखेसकट राहते. फॉर्मची नोंद राहते ती समोरच्याच्या घरात. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, साक्षीदारही त्याच्याकडेच!

ही नुसती शब्दांची कसरत नाही, बरं का. पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीचं संरक्षण जिथे लागू असतं, तिथे नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. सोयाबीनमध्ये पाणी शिरलेल्या माणसाला 'मी वेळेत कळवलं होतं' हे दाखवता आलं नाही, तर हंगाम हातचा जातो.

आता फॉर्मची बाजू. पत्ता उघडा टाकला की यंत्रं तो उचलतात आणि जाहिरातींचा पूर येतो. म्हणून तर अनेक सरकारी पानांवर खुणेऐवजी 'ॲट' आणि 'डॉट' असे शब्द लिहिलेले दिसतात. सेतू केंद्रातल्या संगणकावर मेलची लिंक दाबली तर भलताच प्रोग्राम उघडतो. अनेकांजवळ स्वतःचा मेल नसतोच. शिवाय कोऱ्या पत्रात लोक गट नंबर लिहायचं विसरतात. फॉर्म तो आठवणीनं विचारतो. हे गुण आम्हाला मान्य आहेत.

पण प्रश्न विचारण्याचा हक्क एकट्या फॉर्मकडे गेला, की ज्याचं दुःख यादीत नाही तो 'इतर' होतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ६ बघा. ज्याला लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती कागदावर उतरवायला अधिकाऱ्यानं मदत करायची, असं तिथे म्हटलं आहे. कायदा माणसाकडे चार पावलं चालत येतो. फॉर्म मात्र 'ही चौकट भरणं आवश्यक आहे' म्हणून दारातच अडवतो.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच: फॉर्म ठेवा, पण शेजारी पत्ताही ठेवा. मराठी अक्षरं स्वीकारा. आणि पाठवणाऱ्याला त्याचाच मजकूर, तारीख आणि क्रमांकासह, मेलवर किंवा मोबाइलवर परत द्या. मोबाइल नंबर तुम्ही घेताच ना? मग तो त्याच्याही उपयोगी पडू द्या.

आणि तोपर्यंत श्रोत्यांनी काय करावं? मजकूर आधी स्वतःजवळ लिहून ठेवावा, 'पाठवा' दाबण्याआधी आणि नंतर पडद्याचा फोटो काढावा. पत्र्याची पेटी अजून मोडीत काढू नका.